वर्षभर न ऐकलेली चकती

भावासाठी बहिणीला तीस दिवस मिळतात. आम्हां मराठी ज्यूंमध्ये आईबापांचा दुखवटा वर्षाचा, बाकीच्यांचा महिन्याचा. त्या मुदतीत लग्नाला जायचं नाही, गाण्याबजावण्याला बसायचं नाही, रेडिओवर गाणं लागलं तर बंद करायचा. माझे तीस दिवस गेल्या आठवड्यात संपले. रेडिओ लावायला आता हरकत नाही. मी अजून लावलेला नाही. टेबलावर एक सीडी आहे, तीही तशीच आहे. ती लावण्याआधी तिच्याविषयी लिहून काढावं असं वाटलं. मी हळू लिहिते, त्यामुळे तेवढेच आणखी काही दिवस जातील.

ती सीडी एका रॉक बँडची आहे. त्या बँडने एकच अल्बम काढला आणि तो काढला तेव्हा माझा भाऊ त्यांच्यात नव्हता. निदान त्याने आम्हांला तसं सांगितलं होतं.

आम्ही मुंबई सोडून बेर्शेबाला आलो तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. मराठी शाळेत शिकलेली, डोक्यात मराठी पुस्तकं भरलेली. भाऊ तेव्हा आईच्या कडेवर होता. त्यामुळे एकाच घरात वाढून आमच्या दोघांच्या भाषा वेगळ्या झाल्या. आई मराठीत विचारायची, तो हिब्रूत उत्तर द्यायचा आणि दोघांनाही त्यात काही चमत्कारिक वाटायचं नाही. आईला तो हिब्रूतलं इमा म्हणायचा. वडिलांना आम्ही दोघंही आबा म्हणायचो. तो शब्द दोन्ही भाषांत चालतो.

आबा इथे कापडाच्या गिरणीत होते. त्याआधी मुंबईतही गिरणीतच, आणि त्याआधी कोकणातल्या गावी तेलाच्या घाण्यावर. आमच्या लोकांत जुनी मराठी कीर्तनं म्हणतात, पैगंबरांच्या गोष्टींची. आबांना ती पाठ होती. येताना त्यांनी मुंबईहून बुलबुलतरंग आणला होता. लांबट लाकडी पेटी, तारा, आणि वर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या. आई त्याला बेंजो म्हणायची, मुंबईत सगळे म्हणत तसं. प्रवासात पेटीला कुठेतरी ओल लागली आणि डावीकडचं एक बटण अडकून बसलं. ते दाबलं जायचंच नाही. आबांनी ते कधी दुरुस्त केलं नाही. कीर्तनाची चाल वर चढताना त्या बटणापाशी आली की त्यांचं बोट त्याला ओलांडून पुढच्यावर जायचं. आम्ही चाल तशीच ऐकली, त्यामुळे तशीच म्हणायला लागलो. त्या जागी एक पायरी नाही, उडी मारायची, एवढंच आम्हांला माहीत. बाकीच्या बटणांवरचे छापील आकडे बोटांनी पुसून गेले होते. त्या एकावरचा आकडा नवा कोरा दिसायचा.

भावाने तीच पेटी बँडमध्ये नेली. तो तेव्हा सैन्यातून सुटून एअरकंडिशनर दुरुस्त करण्याच्या कामाला लागला होता. त्याने पेटीला आतून एक छोटा माइक चिकटवला, वायर काढली आणि ती भल्यामोठ्या स्पीकरला जोडली. वस्तीतल्या बॉम्बपासून बचावाच्या सार्वजनिक निवाऱ्यात, जमिनीखालच्या त्या काँक्रीटच्या खोलीत, त्यांचा सराव चालायचा. युद्ध नसलं की अशा निवाऱ्यांत काय वाटेल ते चालतं: कराटे, म्हाताऱ्यांचा पत्त्यांचा अड्डा, बँड. चौघेजण होते. बाकीचे तिघे ठाकठीक वाजवायचे. पण लोक यायचे ते त्या आवाजासाठी. विजेच्या गिटारीच्या गोंगाटातून मध्येच पत्र्याच्या पावसासारखा तो बुलबुलतरंग यायचा आणि तोही आबांच्या कीर्तनाची चाल घेऊन. आबा एकदा ऐकायला गेले होते. परत आल्यावर आईने विचारलं, "कसं काय होतं?"

"चाल माझी आहे," आबा म्हणाले. "बाकी भूकंप."

नव्वदीचं दशक सरत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. तेल अवीवच्या एका छोट्या कंपनीने त्यांना अल्बम करायला बोलावलं. स्टुडिओ ठरला. आणि शरदातले सण संपता संपता आबा गेले.

सात दिवस आम्ही जमिनीवर बसलो. सातव्या दिवशी बँडचे तिघे आले, दाराशी चपला काढून. आमच्याकडे चपला काढतात हे त्यांना भावाने कधीतरी सांगितलं असावं. आईने त्यांना चहा दिला. भाऊ त्यांना म्हणाला, वर्षभर मी वाजवणार नाही. ढोल वाजवणारा म्हणाला, स्टुडिओ वर्षभर थांबणार नाही. कुणी आवाज चढवला नाही. चहा संपवून ते गेले. भाऊ त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेला आणि बराच वेळ परत आला नाही. आईने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत जी शंका होती ती पुढे वर्षभर आमच्या घरात राहिली.

त्याच संध्याकाळी तिने बुलबुलतरंग आपल्या जुन्या पातळात गुंडाळला, वर गाठ मारली आणि कपाटाच्या माथ्यावर ठेवला. "वर्ष उतरलं की काढायचा," ती म्हणाली. "मलिद्याच्या दिवशी. तोच वाजवील, तोच ताटाशी बसेल."

मलिदा म्हणजे पोहे, खोबरं, साखर आणि फळं यांचं ताट. एलियाहू हानाबी या पैगंबराचं नाव घेऊन ते मांडतात. आमच्याकडे वर्षाच्या दिवशी मुलगा त्या ताटाशी बसतो आणि बापाची आठवण काढून घरच्यांच्या हातावर मलिदा ठेवतो. ज्याने वर्ष पाळलं त्यानेच बसावं असं आई मानायची. कुठे लिहिलं आहे का, असं मी तिला एकदा विचारलं. तुझ्या पुस्तकात नसेल, म्हणाली.

हिवाळा ठीक गेला. भाऊ रोज संध्याकाळी सिनेगॉगमध्ये जाऊन कद्दिश, गेलेल्या बापासाठीची प्रार्थना, म्हणायचा. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात होते, पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलाशी. तिथे तसंही गाणं नसतं. घरी आई रेडिओवर फक्त बातम्या ऐकायची आणि बातम्यांआधीची धून वाजून संपेपर्यंत आवाज बंद ठेवायची.

मग शेजारच्या मावशी आल्या. त्या अलिबागकडच्या, भिंतीला भिंत लागून राहायच्या, आणि आमच्या घरातलं त्यांना माहीत नाही असं फार थोडं होतं.

"अगो, बसमध्ये ड्रायव्हरने गाणं लावलेलं," त्या आत येता येता म्हणाल्या. "आणि त्यात तुमचा बेंजो."

आई पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. "कसला बेंजो?"

"तुमचाच. दुसरा कुणाचा असणार या वाळवंटात? मी उतरायची तिथं उतरलेच नाही. पुढच्या स्टॉपवर गेले ऐकत. तुझ्या नवऱ्याची ती चाल, उडीसकट."

"गाणं संपल्यावर काय म्हणाला रेडिओवाला?"

"नाव म्हणाला बँडचं. तेच ते, भूकंपवाले."

मावशी गेल्यावर आई स्टुलावर चढली. मी धरायला गेले तर नको म्हणाली. कपाटावरचं गाठोडं तिने खाली काढलं नाही, नुसता हात फिरवला. मग खाली उतरली आणि म्हणाली, "गाठ माझी नाही."

"पेसाहच्या सणाची साफसफाई झाली ना, आई. कुणीतरी हलवलं असेल."

"हलवलं तर गाठ बदलते? मी सरळ गाठ मारते. ही उलटी आहे."

भाऊ संध्याकाळी आला तेव्हा तिने त्याला गाठीचं विचारलं नाही. मावशींनी बसमध्ये काय ऐकलं तेवढंच सांगितलं. तो हात धूत होता. पाणी बंद न करता हिब्रूत म्हणाला, "मी वाजवलेलं नाही, इमा."

"मग कुणी वाजवलं?"

"मला काय ठाऊक. मी ऐकलेलं नाही. मला ऐकायचं नाहीये, माहीत आहे ना तुला?"

ही अडचण होती आणि ती तिघांचीही होती. ज्या गोष्टीवरून त्याच्यावर संशय घ्यायचा ती गोष्ट ऐकण्याची मुभा घरात कुणालाच नव्हती. थोड्याच दिवसांनी ढोल वाजवणारा दारात येऊन सीडी देऊन गेला. वर्ष संपल्यावर त्याला द्या, म्हणाला. आत आला नाही. आईने ती दोन बोटांत धरून आणली आणि कपबशांच्या कपाटात उभी करून ठेवली. ती तिला चकती म्हणायची. वेष्टनावर चौघांचे फोटो होते. चौथा चेहरा आमच्या ओळखीचा नव्हता. लांब, फिकट, पातळ केसांचा माणूस, बाकीच्यांहून वयाने मोठा.

"रशियन दिसतो," मी म्हटलं.

"रशियन बेंजो वाजवतो होय?" आई म्हणाली.

शेवटी तिनेच तोड काढली. मावशींच्या घरात दुखवटा नव्हता. चकती मावशींकडे जाईल, मावशी ऐकतील आणि येऊन सांगतील. मावशींच्या नातवाकडे ती लावायचं यंत्र होतं. त्या दुपारी आम्ही आमच्या बाजूच्या खिडक्या लावून घेतल्या आणि मी नळ सोडून ठेवला, भिंतीतून काही येऊ नये म्हणून. आई खुर्चीवर बसून राहिली, दवाखान्यात नंबराची वाट बघावी तशी.

मावशी आल्या त्या दमून आल्या. "आधी पाणी दे."

"सांग."

"पहिल्यात ढोल. मग एक माणूस ओरडतो. कुणी मेलं असावं त्याचं. दुसऱ्यातही तोच ओरडतो."

"बेंजो?"

"येतो ना. तिसऱ्यात येतो आणि शेवटच्यात. मी पोराला म्हटलं परत लाव. तीनदा ऐकलं. माझं डोकं उठलं, पण ऐकलं."

"त्याचा हात आहे?"

मावशींनी पाण्याचा पेला हातात घेतला. त्या भांडकुदळ होत्या, पण खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. "चाल तीच. आवाज तोच. उडीही तीच," त्या म्हणाल्या. "आता हात कसा ओळखू बाय? हात काय दिसतो?" आणि मग, पाणी पिऊन झाल्यावर, जणू आत्ताच आठवल्यासारखं: "पण सणाच्या आधी, एका दुपारी, तुमच्याकडे टण् वाजलेलं. एकदाच. तू बाजारात होतीस. मला वाटलं भांडं पडलं. आता वाटतंय भांडं नसावं."

आईने माझ्याकडे बघितलं. मी त्या वेळी कामावर होते.

नंतरच्या महिन्यांत मी भावाकडे बघायला लागले. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण बघत होते खरी. सिनेगॉगमधून घरी यायची वाट डावीकडून होती, आणि मी बसमधून येताना तो मला दोनदा उजवीकडच्या रस्त्यावर दिसला, निवाऱ्याच्या. एकदा निवाऱ्याच्या लोखंडी दाराचं कुलूप काढताना दिसला. बँडवाले तर तेव्हा गावोगाव कार्यक्रम करत फिरत होते. आबांच्या हत्यारांच्या डब्यातली बारीक कानस जागेवर नव्हती. ती मला पडदा टांगायला खिळा घासण्यासाठी हवी होती म्हणून कळलं. मी त्याला विचारलं तेव्हा म्हणाला, असेल कुठेतरी. दुसऱ्या दिवशी ती डब्यात होती.

मला प्रत्येक गोष्टीचा अर्थ लागत होता आणि सगळे अर्थ एकाच दिशेला जात होते. त्याने गाठोडं सोडलं. पेटी निवाऱ्यात नेली. तिथे वाजवून टेपवर भरलं असेल, नाहीतर तेल अवीवला जाऊन. आता बँडवाले गावात आले की पैसे घ्यायला जात असेल. तो घरात नेहमीसारखाच बोलायचा, हसायचा, आईला बाजारातून जड पिशव्या आणून द्यायचा. तेसुद्धा मला खटकायला लागलं.

"अश्दोदच्या काकांना सांगून ठेवते," आई एकदा म्हणाली. काका म्हणजे आबांचे धाकटे भाऊ, तिथे बंदरात होते. "मलिद्याच्या ताटाशी ते बसतील."

"आई, त्याने सांगितलंय वाजवलं नाही म्हणून."

"तुझा विश्वास आहे?"

मी उत्तर द्यायला उशीर केला. तिने तो मोजला.

वर्ष संपायला थोडे आठवडे उरले असताना ग्रंथालयात माझ्या टेबलासमोर एक लांब, फिकट, पातळ केसांचा माणूस येऊन उभा राहिला. मी त्याला लगेच ओळखलं. कपबशांच्या कपाटातून तो मला रोज बघायचा.  त्याला भारतीय संगीतावरचं पुस्तक हवं होतं. त्याची हिब्रू नवी होती, शब्द एकेक ठेवून बोलायचा.

"कुठल्या विषयावर?" मी विचारलं. "इतिहास, वाद्यं?"

"सुरांची शिडी," तो म्हणाला. "एक शिडी आहे, तिच्यात एक पायरी नाही. जाणूनबुजून नाही. मला तिचं नाव शोधायचं आहे."

 "कुठे ऐकलीत?"

"मी वाजवतो. गिटारवर. आमच्या बँडमध्ये आधी एकजण होता, त्याचं एक भारतीय वाद्य होतं. तो सोडून गेला. त्यांनी मला सरावाच्या जुन्या कॅसेट दिल्या आणि सांगितलं, हा आवाज पाहिजे. मी गिटारच्या तारांखाली कापड घातलं, तारा जोडीने लावल्या, महिनाभर तेच केलं. आवाज मिळाला. पण चाल समजली नाही. ऐका..." आणि तो गुणगुणायला लागणार होता.

"नको," मी म्हटलं. माझा आवाज ग्रंथालयाला शोभणार नाही इतका मोठा आला असावा, कारण दोघेतिघे वळले. "माझ्या वडिलांचं वर्ष चालू आहे. मी संगीत ऐकत नाही."

त्याने माफी मागितली. मग डावा हात टेबलावर ठेवला, माझ्या शिक्क्याच्या डबीशेजारी, आणि बोटांनी चाल दाखवायला लागला. आवाज नाही, नुसती बोटं. एक, पुढे, परत मागे, वर, वर. आणि मग बोट उचललं गेलं, एका रिकाम्या जागेवरून गेलं आणि पलीकडे टेकलं. लहानपणी मी आबांच्या समोर बसून हेच बघत असे.

"ही इथे," तो म्हणाला आणि ती रिकामी जागा दाखवली. "गिटारवर इथे सूर आहे. माझ्या बोटाखालीच असतो. मला दर वेळी तो टाळावा लागतो. स्टुडिओत सगळे म्हणाले, घे ना तो, कोण विचारतंय. मी नाही घेतला. मला वाटलं तुमच्याकडे हा नियम असेल. काही सूर वर्ज्य असतात असं मी वाचलं आहे. पण नाव मिळत नाही."

मी त्याला सांगू शकले असते की नाव मिळणार नाही, ते एक गंजलेलं बटण आहे. सांगितलं नाही. "त्या आधीच्या माणसाने तुम्हांला शिकवलं नाही?" मी विचारलं.

"मी त्याला कधी भेटलो नाही. कुणीतरी त्याच्याकडे जा म्हणालं होतं. ढोलवाला म्हणाला, जाऊ नका, ते दुखवट्यात आहेत."

मी त्याला एक जाडसर पुस्तक काढून दिलं.  तो मनापासून आभार मानून गेला.

संध्याकाळी हे सगळं मी आईला सांगितलं. मला वाटलं ती रडेल. ती तांदूळ निवडत होती, निवडत राहिली.

"म्हणजे चकतीत तो नाही," ती म्हणाली.

"नाही."

"बरं. मग टण् कुणाचं? गाठ कुणाची?" तिने एक खडा काढून बाजूला ठेवला. "आणि निवाऱ्यात काय आहे?"

मी तिला निवाऱ्याचं सांगितलेलं नव्हतं. तीही बघत होती तर.

वर्षाच्या दिवशी काका अश्दोदहून आले. आईने ताटाशी दोन पाट मांडले, एक भावासाठी आणि त्याच्या शेजारी एक काकांसाठी. कोण मलिदा वाटणार हे तिने सांगितलं नाही. भावाने ते दोन पाट बघितले आणि आपल्या पाटावर जाऊन बसला. मावशी भिंतीपलीकडून खोबरं किसून घेऊन आल्या होत्या. प्रार्थना झाली. आई म्हणाली, "काढ ते."

त्याने गाठोडं खाली घेतलं. गाठ सोडताना आई त्याच्या बोटांकडे बघत होती. तो ती एका झटक्यात सोडू शकला, कारण ती त्याचीच होती. मग पेटी मांडीवर घेऊन त्याने तारा लावल्या आणि कीर्तन सुरू केलं. आम्ही वर्षभरात पहिल्यांदा गायलो. काकांचा आवाज आबांसारखाच आहे, तेव्हा पहिल्या ओळीला मला मान खाली घालावी लागली. दुसऱ्या ओळीत चाल वर चढली, ती जागा आली, आम्ही सगळ्यांनी सवयीने उडी मारली. आणि पेटीतून एक सूर आला.

तो सूर त्या घरात कधीच वाजला नव्हता. स्वच्छ, अगदी सुरात. आम्ही पुढे निघून गेलो होतो आणि वाद्य एक पायरी मागे उभं होतं. सगळं कोलमडलं. काका हसायला लागले. "अरे, हा कोण मधेच?" ते म्हणाले. भाऊ थांबला. त्याचा चेहरा लाल झाला होता.

आईला सगळ्यांच्या आधी कळलं. "ते बटण," ती म्हणाली.

"नीट केलं," तो म्हणाला. तो मराठीत बोलला. त्याची मराठी कच्ची होती, लहान मुलासारखी. "आबांसाठी. बटण काढून नेलं, निवाऱ्यात. तिथं टेबल आहे, दिवा आहे. खालून घासलं, खूप वेळा. एकदा बसलं, परत अडकलं. परत घासलं. मग बसलं."

"वाजवलंस?"

"एकदा. बसलं का बघायला. एक सूर." त्याने मावशींकडे बघितलं. "एक सूर म्हणजे गाणं होतं का, इमा?"

मावशी म्हणाल्या, "मला तर भांडं वाटलं."

 मग तिने काकांना म्हटलं, "भावोजी, तुम्ही जरा इकडे सरका." काका पाट सोडून उठले. भावाने ताट पुढे ओढलं आणि सगळ्यांच्या हातावर मलिदा ठेवला, आधी आईच्या. तिने तो खाल्ला. वर्षाचं जे काही होतं ते तिथे मिटलं असं मला वाटलं.

बुलबुलतरंग परत कपाटावर गेला. कुणी ठेवायला सांगितलं नव्हतं. कीर्तनाला बसलो की तो काढायचा म्हणायचे सगळे आणि मग नुसत्या टाळ्यांवरच म्हणायचो. त्या सुराशी आमचे आवाज जुळेनात. आम्ही सूर घ्यायला गेलो तर चाल परकी वाटायची, नाही घेतला तर वाद्य चुकीचं ठरायचं. आणि एका शुक्रवारी दुपारी, शनिवारच्या शब्बाथचा स्वयंपाक आटोपल्यावर, आई मला म्हणाली, "ती चकती लाव."

"कुठली?"

"भूकंपवाल्यांची. शेवटचं गाणं लाव. ओरडणं नको, पुढचं."

मी गाणं पुढे सरकवून ती जागा आणली. विजेच्या गोंगाटातून तो पत्र्याच्या पावसाचा आवाज आला, कापड घातलेल्या गिटारचा, आणि चाल चढत चढत आली आणि त्या माणसाने हातातला सूर सोडून उडी मारली. बरोबर आबांच्या जागी. आई डोळे मिटून बसली होती. तेवढं झाल्यावर म्हणाली, "बंद कर." त्यानंतर कित्येक शुक्रवार तिने तेवढंच ऐकलं.

भाऊ घरात असला तर तेव्हा स्वयंपाकघरात जायचा आणि नळ सोडायचा. तो अल्बम त्याने कधीच ऐकला नाही, असं तो म्हणायचा. मला ते कधी पटलं नाही. बँड दोनेक वर्षांत विखुरला. त्यांनी त्याला परत बोलावलं होतं, हेही मला बाहेरून कळलं. त्याने आयुष्यभर लोकांचे एअरकंडिशनर दुरुस्त केले.

आई गेली त्याला बरीच वर्षं झाली. तिच्या वर्षानंतर एकदा मी त्याला विचारलं होतं. आम्ही तिच्या घरातलं सामान आवरत होतो आणि कपाटावरून ते गाठोडं निघालं. मी विचारलं, "तू ते बटण का रे नीट केलंस?" माझ्या मनात तेव्हा पुष्कळ काही होतं. ते तिघे त्याला सोडून पुढे गेले म्हणून, त्याच्या कॅसेटवरून दुसऱ्या कुणी शिकून घेतलं म्हणून, त्यांची चाल चुकीची ठरावी म्हणून त्याने आपली बदलली असेल. किंवा आबांसारखं पुन्हा कुणी वाजवू नये म्हणून. माणूस काय काय करतो.

तो पेटीवरची धूळ पुसत होता. "ताई, बिघडलं होतं," तो म्हणाला. "म्हणून नीट केलं."

एवढ्या साध्या उत्तरावर मी तेव्हा विश्वास ठेवला नाही.

गेल्या महिन्यात तो गेला, कामावर, कुणाच्या तरी गच्चीवर, मशीन उघडं असताना. पेटी आता माझ्याकडे आहे. काल मी ती उघडून बघितली. बाकीच्या बटणांवरचे आकडे कधीच पुसले गेलेत. त्या एकावरचा आकडा अजून नवा कोरा आहे. म्हणजे त्याने ते त्या दुपारी एकदा वाजवलं, मलिद्याच्या दिवशी एकदा, आणि पुन्हा नाही. मी वर्षभर ज्याच्यावर नजर ठेवली तो माणूस मला जे सांगत होता तेच करत होता, असं तो आकडा म्हणतो आहे. मला अजून खात्री नाही. पण तीस दिवस झाले. लिहून झालं की मी चकती लावणार आहे, पहिल्यापासून, ओरडण्यासकट.